चार मिनिटांची वाळू

माझ्या घरात एक भुंगा होता. पंखांचा नव्हे, स्पीकरमधला. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला की गाण्याच्या आधी तो सुरू व्हायचा, गाणं संपलं तरी हटायचा नाही. घूं करत एकाच सुरात बसून राहायचा.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी एकटा राहतो. बायको पुण्यात बँकेत, मुलगी तिच्याजवळ, आणि मी, हेरंब सबनीस, दिल्लीत अवर सचिव. सोमवार ते शुक्रवार मी फायलींवर शेरे लिहितो आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा गाणं ऐकतो. त्या तीन तासांत फोन उचलत नाही, दार उघडत नाही, चहासुद्धा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवतो. हिवाळ्यात नऊ वाजताही खिडकीत दुधाळ उजेड असतो, समोरचा कडुलिंब नुसता अंदाजाने दिसतो. पाय शालीत घेऊन खुर्चीत रेललो की मी जागा आहे की नाही, हे मलाच सांगता येत नाही. गवई आलाप घेऊन थांबतो आणि पुढचा सूर यायच्या आधी थोडी जागा रिकामी राहते. मला ती जागा गाण्यापेक्षाही आवडते. नेमका तिथेच तो भुंगा बसलेला असायचा.

त्याला हुसकावण्यासाठी मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. वायरींवर चिमट्यासारख्या बसणाऱ्या काळ्या कड्या आणल्या. वायर जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली ठेवायचे लाकडी ठोकळे आणले. प्लगला गुंडाळायची तांब्याची पट्टी आणली, अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवायचा एक काळा दगड आणला. दगड ठेवल्यावर भुंगा बारीक झाल्यासारखा वाटला, पण ते जेमतेम दोन रविवार टिकलं. पुण्याहून आलेल्या बायकोने त्या दगडाने आलं ठेचलं.

मग ती पेटी आली. शिसवी लाकडाची, जेवणाच्या डब्याएवढी, वर पितळी अक्षरांत ‘निःशब्द’. फरीदाबादच्या एका छोट्या कारखान्यात हाताने बनवलेली. विजेतली अशुद्धी ही पेटी शोषून घेते, असं सोबतच्या कार्डावर छापलं होतं. मी सरकारी माणूस. कार्डावरच्या सूचना परिपत्रकासारख्या तीनदा वाचल्या, एकेक परिच्छेद पाळून पेटी भिंतीतल्या बोर्डाला लावली, आणि भुंगा गेला.

खरंच गेला. पहिल्यांदा ती रिकामी जागा रिकामी झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचंही मला फार काही वाटलं नाही. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मी कारखान्याच्या बत्राजींना कौतुकाच्या चार मेल पाठवल्या.

डिसेंबरात पेटीच्या तळाशी फट पडली आणि कपाटावर बारीक पांढरी वाळू सांडू लागली. मी कळवलं. बत्राजींचा लगेच फोन आला. जानेवारीत दिल्लीतल्या एका हॉटेलात त्यांचं प्रदर्शन होतं, मोठमोठी गिऱ्हाइकं येणार होती. पेटी दुरुस्त करायला ते माणूस घरी पाठवतील, मी फक्त मोबाईलसमोर दोन मिनिटं माझा अनुभव बोलायचा, असं ठरलं. आणि येणारी बाई तुमच्याच मुलखातली आहे, पेट्या तीच भरते, असंही त्यांनी सांगितलं.

शेवंताताई हनवते माझ्याकडे आल्या त्या अशा. पन्नाशीच्या, बुटक्या, साडीवर मुलीचं जाड स्वेटर, हातात पिशवी. बडखल मोडहून मेट्रो धरली, कालकाजीला बदलली आणि स्टेशनपासून विचारत विचारत चालत आल्या. पाणी दिलं तर आधी पेटीकडे बघितलं, मग पाणी घेतलं.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पेटी उघडली. मला आत काहीतरी गुंतागुंतीचं दिसेल असं वाटलं होतं. एक तांब्याचा पत्रा, एक कडी, दोन वायरी आणि उरलेली सगळी वाळू. त्यांनी फट लाकडाच्या भुश्श्याने आणि डिंकाने बुजवली, पिशवीतून वाळूची थैली काढली आणि ओतायला सुरुवात केली. डाव्या हाताने ओतायची, उजव्या हातातल्या लाकडी उलथण्याच्या दांड्याने पेटीला बाहेरून ठोके द्यायचे. टक, टक, टक, फार हलके. ओठ हलत होते. धुकं विरून टेबलावर ऊन आलं होतं आणि उन्हात वाळूची धूळ तरंगत होती. मी बघत बसलो. किती वेळ बसलो ते कळलं नाही. त्यांनी झाकण लावलं तेव्हा भानावर आलो.

“रामरक्षा म्हणता का?” मी विचारलं. आमच्या घरी ओठ हलले की ती रामरक्षाच असायची, त्यापलीकडे माझी मजल जात नाही.

त्या हसल्या. “नाही हो साहेब. वंदना. आम्ही बुद्धाचे.”

मग चहा घेताना एकेक सांगितलं. मूळ गाव नांदेडकडे, लोह्याजवळ. नवरा सूर्यकांत ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर लागला म्हणून लग्नानंतर फरीदाबादला आल्या. पहिलं वर्ष नुसतं रडण्यात गेलं, कारण गल्लीत कुणाचं बोलणं कळायचं नाही. आता भाजीवाल्याशी भांडताना शब्द मराठीत आठवत नाहीत, असं म्हणाल्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, मुलगी मैत्री कॉलेजात होती, तेव्हा त्या बत्राजींकडे लागल्या. त्यांच्या आधीची बाई वाळू भराभर ओतायची. अशा पेट्या प्रवासात खुळखुळायच्या आणि गिऱ्हाईक परत पाठवायचं. वाळू नीट बसायला प्रत्येक पेटीला सारखा वेळ ठोकावं लागतं, साधारण चार मिनिटं. पण मोबाईल दारातच जमा करून घेत आणि भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद. शेवंताताईंनी मनाशी हिशेब केला: घरी रोज सकाळी त्या बुद्धमूर्तीसमोर म्हणतात ती वंदना, त्रिसरण, पंचशील, सगळं सावकाश म्हटलं की बरोबर चार मिनिटं होतात. पंचशील संपलं की पेटी भरली. अकरा वर्षांत त्यांची एकही पेटी खुळखुळली नव्हती.

“पण पेटी लावलेलं गाणं मी कधी ऐकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “कारखान्यात गाण्याचं मशीन नाही ना. आणि आमच्याकडे असलं काही कुठलं? म्हणून बत्राजींना म्हटलं, मीच जाते. अकरा वर्षं भरतेय, एकदा तरी कळू दे ती काय करते.”

हे बोलताना त्या कप खाली ठेवायला विसरल्या होत्या. प्रदर्शनात बत्राजी त्यांना टेबलाशी उभं करणार होते. आपल्या हातची पेटी आणि तिच्यामुळे काय फरक पडतो, हे त्यांनी लोकांना सांगायचं होतं. न ऐकता मी काय सांगू, असं त्यांना वाटत होतं.

मला हुरूप आला. मी उठून माझी वही आणली. भुंग्याची मी रीतसर नोंद ठेवली होती, दर रविवारी तारीख घालून, कड्या, ठोकळे, दगड, सगळं. सतरा ऑगस्टचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. “कार्डातील परिच्छेद तीननुसार बोर्डावरील इतर सर्व जोडण्या काढल्या. टीव्हीच्या डिशची वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढली. पेटी लावली. भुंगा समाप्त.” खाली सहीसुद्धा होती.

शेवंताताईंनी ते बोट लावून वाचलं. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

“टीव्हीची वायर परत लावली का मग?”

नाही, मी म्हटलं. कार्डात परत लावा असं कुठे लिहिलंय? ऑगस्टपासून मी टीव्ही बघितलाच नव्हता. ऑफिसात तर मी टीव्ही सोडला म्हणून भाव खाऊन घेतला होता.

मी एक सकाळचा राग लावला, त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. त्यांनी डोळे मिटले. विलंबित आलाप होता. ऊन टेबलावरून त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. मग मी पेटी काढली, प्लग सरळ भिंतीत लावला आणि तोच आलाप पुन्हा लावला. भुंगा आला. मला स्पष्ट ऐकू आला. पुन्हा पेटी लावली, गेला. त्यांच्याकडे वळून मी एखाद्या जादूगाराच्या ऐटीत विचारलं, “आहे की नाही फरक?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. माणूस गाण्यानं भारावला की गप्प होतो, असं मी धरून चाललो. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

“नाही साहेब,” त्या म्हणाल्या. “मला दोन्ही वेळेला सारखंच ऐकू आलं. चांगलंच ऐकू आलं, पण सारखंच.”

मग फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, ती टीव्हीची वायर लावून बघायची का? दर चौदा एप्रिलला त्यांच्या कॉलनीत जयंतीचं स्टेज असतं. पेट्या भरणारी बाई म्हणून साउंडजवळ त्यांनाच बसवतात. मागच्या वर्षी पडद्यावर चित्रफीत दाखवायला दुसऱ्या घरातून टीव्हीची वायर आणली, तर स्पीकर असाच घूं करायला लागला. भाषणं खोळंबली. वायर काढली तेव्हा थांबला.

मला हे अजिबात आवडलं नाही, पण माझ्या हट्टी स्वभावाला प्रयोग नाकारता येईना. कपाटामागे हात घालून मी धुळीतली डिशची वायर शोधली आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खोचली.

भुंगा आला. चार महिन्यांचा मुक्काम कुठे केला होता कोण जाणे, तसाच ताजातवाना आला. पेटी लावलेली होती. पेटी काढली, तोच. पेटी लावली, तोच. वायर उपटली आणि खोली एकदम मोकळी झाली.

मी त्या बाईवर चिडलो. आज लिहिताना हे कबूल करायला हवं. वायर मीच काढलेली, वही माझीच, सही माझीच, आणि राग त्यांच्यावर. सरकारात चूक सापडली की ती दाखवणाऱ्यालाच आधी खुलासा विचारतात. पंचवीस वर्षांची ती सवय. मी म्हटलं, व्हिडिओ राहू द्या, बत्राजींना मी कळवीन. त्या वर्तमानपत्र घडी करत होत्या. उरलेली वाळू त्यांनी थैलीत भरली, कणसुद्धा सांडला नाही.

दारात चपला घालताना त्या वळल्या.

“साहेब, पंचशीलातलं चौथं शील काय आहे ठाऊक आहे? खोटं बोलणार नाही. अकरा वर्षं ते म्हणत म्हणत मी ही वाळू भरली.”

त्यांना रडू येत होतं की नाही ते मी बघितलं नाही. जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत मी दार उघडं ठेवलं, एवढीच माझी सभ्यता.

त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे बसलो. डिशची वायर काढलेली, पेटी लावलेली, शाल, थर्मास, धुकं, सगळं जागच्या जागी. आलाप थांबला आणि त्या जागेत भुंगा होता. उठून वायर बघितली, काढलेलीच होती. पुढच्या रविवारीही तो होता. मी स्पीकरला कान लावला तर काही नाही, खुर्चीत येऊन बसलो की आहे. झोपेच्या काठावर असताना तर त्याला शब्द फुटतात असं वाटायचं. तो कुठून येतोय ते मला कळत होतं आणि वहीत लिहवत नव्हतं. एका बाईनं अकरा वर्षांचं काम माझ्या टेबलावर सांडताना बघितलं, आणि मी तिला साधं थांबा म्हटलं नव्हतं.

प्रदर्शन होऊन गेल्यावर मी बत्राजींकडून त्यांचा नंबर घेतला आणि फोन केला. त्यांनी कसलाही आकस न ठेवता तब्येत विचारली. त्या दिवशी परत जाऊन त्यांनी बत्राजींना जसं घडलं तसं सांगितलं होतं. बत्राजी हसले, गिऱ्हाइकाला ऐकू येतं ना, मग झालं, म्हणाले. कार्डावरचं ते अशुद्धी शोषण्याचं वाक्य तेवढं काढा, असं ताईंनी विनवलं. ते काही त्यांनी काढलं नाही. नोकरीवरून मात्र काढलं नाही, कारण असा हात दुसरा नाही. फक्त प्रदर्शनात टेबलाशी दुसरी बाई उभी केली.

“म्हणजे काम चालू आहे तुमचं,” मी म्हटलं. मला बरं वाटलं.

“चालू आहे. घर आहे, मैत्रीचा क्लास आहे, बंद करून कसं चालेल? पण मी बत्राजींकडून घड्याळ लावून घेतलं भिंतीवर. आता घड्याळावर भरते.”

त्याच पुढे म्हणाल्या, “तुमच्याकडून गेल्यावर पहिल्या दिवशी वंदना म्हणून बघितली ना. चौथ्या शीलाला हात थांबला. ठोकाच पडेना. मग सोडलं. पेट्या तशाच होतात साहेब, खुळखुळत नाहीत. बिल्कुल तशाच.”

त्या दिवसाची भरपाई म्हणून एक नवीन पेटी विकत घेतो असं सांगायला मी फोन केला होता, हे मला तेव्हा आठवलं. मी तेच सांगितलं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. ताई एकदम नाही म्हणाल्या. “घेऊ नका. काय करायचंय तुम्हाला? त्यात आता काहीच नाही.”

आधी तरी काय होतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. त्याऐवजी म्हटलं, माझी जुनी पेटी पुन्हा गळतेय. ही थाप होती. ती गळत नव्हती. चौथ्या शीलाशी माझा काही करार नव्हता.

पुढच्या रविवारी त्या आल्या. फेब्रुवारी लागला होता, धुकं सरलं होतं आणि कडुलिंबाची पिवळी पानं गॅलरीत येऊन पडत होती. पेटी उलटीपालटी करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका बाजूने दुसऱ्या बाजूला कणभर वाळू हलली नाही.

मी खरं काय ते सांगितलं. भुंगा परत आलाय आणि तो वायरीतला नाही, हे सांगितलं. त्या दिवशी मी वाईट वागलो हेही सांगितलं. मला वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं. मग म्हटलं, ही पेटी रिकामी करा आणि पुन्हा भरा. पहिल्यासारखी.

“कशाला? ही काही करत नाही,” त्या म्हणाल्या.

“ठाऊक आहे.”

“तुम्हाला पटलंय? नक्की? नंतर म्हणाल, आवाज सुधारला.”

मी वही आणली. त्यांच्यासमोर तारीख घातली आणि लिहिलं की ही पेटी विजेतली कोणतीही अशुद्धी शोषत नाही, हे मला पूर्ण माहीत असून मी ती भरून घेत आहे. खाली सही केली. त्यांनी बोट लावून सगळं वाचलं, सहीसुद्धा.

मग वर्तमानपत्र पसरलं. वाळू एका परातीत ओतली, ऊन लागू दिलं, बोटांनी सैल केली. पेटी पुसली. उलथणं हातात घेतलं. मी समोर बसलो आणि या वेळी त्यांनी ओठांतल्या ओठांत न म्हणता आवाज काढून म्हटलं, अगदी हळू, खाली बघत. मला अर्थ लागत नव्हता. सूर एकच होता, थोडा वर जायचा आणि परत यायचा. टक, टक, टक. वाळू उन्हातून पेटीत जात होती आणि तिचा बारीक आवाज त्या सुराखाली सतत येत होता. मला पेंग आल्यासारखं झालं, पण डोळे उघडे होते. परात, हात, मनगटावरची काचेची बांगडी एवढंच जग उरलं होतं. एक शील झालं. दुसरं. तिसरं. प्रत्येकाचा शेवट सारखा होता, म्हणून मला मोजता येत होतं.

चौथं सुरू झालं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. मला वाटतं, त्याही बघत होत्या.

हात थांबला नाही.

पाचवं झालं, झाकण बसलं. त्यांनी पेटी कानाजवळ धरून हलवून बघितली, आणि हसून माझ्यापुढे सरकवली. ती मी बोर्डाला लावली नाही. पुस्तकांच्या कप्प्यात ठेवली, अजून तिथेच आहे. ताई आता गाणं लावा म्हणाल्या, राहिलेलं ऐकायचंय. मी लावलं आणि चहा टाकायला आत गेलो. दूध उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभा राहिलो. बाहेर आलाप थांबला, मग पुढचा सूर आला. मधे भुंगा होता की नाही, ते ऐकायचं मी विसरलो.